पहिला पराभव आणि त्यापुढचा रस्ता : लाइटवेटमधल्या तरुण बॉक्सरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाइटवेट म्हणजे नेमकं किती वजन?

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये १३५ पाउंड, म्हणजे ६१.२३ किलो. खालचा सुपर फेदरवेट गट १३० पाउंडांचा (५८.९७ किलो) आणि वरचा सुपर लाइटवेट १४० पाउंडांचा (६३.५ किलो). दोन्ही बाजूंना अंतर जेमतेम सव्वादोन किलोचं. त्यामुळे १३५ वर तीन प्रकारचे खेळाडू भेटतात : खालून वाढत आलेले, मूळचे याच वजनाचे, आणि एरवी ६८-७० किलोचे असूनही वजन उतरवून काट्यावर उभे राहणारे. तरुण बॉक्सर हरला की समोरचा यांतला कोण होता, हे आधी बघावं. बऱ्याच पराभवांचा निम्मा उलगडा तिथेच होतो.

‘प्रॉस्पेक्ट’ आणि ‘कंटेंडर’ यांत फरक काय?

प्रॉस्पेक्टसाठी प्रतिस्पर्धी निवडला जातो, कंटेंडरला तो टाळता येत नाही. प्रॉस्पेक्ट चार फेऱ्यांपासून सुरुवात करतो, मग सहा, आठ, दहा. कंटेंडर म्हणजे जागतिक किताब देणाऱ्या एखाद्या संघटनेच्या (डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ किंवा डब्ल्यूबीओ) मानांकनात पहिल्या पंधरांत असलेला, बारा फेऱ्यांच्या किताबी लढतीचा दावेदार. घसरण बहुतेक वेळा आठवरून दहा फेऱ्यांकडे जाताना होते. त्या पातळीवरचा माणूस पहिल्या दोन फेऱ्यांतल्या ठोशांनी खचत नाही, आणि मुलाला पहिल्यांदाच ‘आता काय करू?’ हा प्रश्न रिंगमध्ये पडतो.

अपराजित मुलगा हरला. कारकीर्द संपली का?

नाही. आकडेपुस्तकात ‘०’ मिरवण्याचं वेड प्रक्षेपणाच्या जाहिरातींनी वाढवलं आहे. खेळाचा इतिहास वेगळंच सांगतो. हेन्री आर्मस्ट्राँग पदार्पणातच हरला, आणि १९३८ मध्ये लाइटवेटसह तीन वजनगटांचे किताब एकाच वेळी त्याच्याकडे होते. हुआन मानुएल मार्केस १९९३ मध्ये पहिल्याच लढतीत अपात्र ठरला, पुढे लाइटवेटचा विजेता झाला. रोबेर्तो दुरानला १९७२ मध्ये विजेता असतानाच एस्तेबान दे हेसूसने बिगरकिताबी लढतीत हरवलं. दुरानने १९७४ मध्ये परतफेड केली.

आम्हांला सगळ्यांत बोधप्रद वाटतं ते होर्हे लिनारेसचं उदाहरण. २००९ मध्ये तो पहिल्याच फेरीत गारद झाला. २०११ आणि २०१२ मध्ये सलग दोन लढती पुन्हा थांबवल्या गेल्या. ‘याची हनुवटी काचेची’, म्हणजे याला ठोसा सोसत नाही, असा शिक्का बसला. तरी डिसेंबर २०१४ मध्ये त्याने डब्ल्यूबीसीचा लाइटवेट किताब जिंकला. हनुवटी काही नव्याने येत नाही. मात्र ठोसा मारून झाल्यावर हात कुठे परततो आणि पाय कुठे उभे राहतात, हे बदलता येतं.

पराभवाचं कारण शोधायचं कसं?

लढतीचं चित्रण पहिले आठवडाभर बघू नये. राग आणि लाज ओसरली की आवाज बंद करून बघावं, कारण समालोचक आणि प्रेक्षकांचा गलका डोळ्यांना फसवतो. प्रशिक्षक आणि बॉक्सरने एकत्र, पण आपापल्या वहीत नोंदी करत बघावं. प्रत्येक फेरीचे तीन भाग करावेत, मिनिटामिनिटाचे, आणि प्रत्येक भागात एवढं टिपावं :

- जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) किती मारले आणि त्यातले किती नुसतेच हवेत सोडले.
- उजवा ठोसा मारल्यावर हात सरळ गालाशी परतला की खालून कंबरेकडून वळसा घेऊन आला.
- मागे सरकताना सरळ रेषेत गेला की कोनात बाहेर पडला.
- पाठ दोरांना कधी लागली, आणि तिथून सुटायला किती सेकंद लागले.

चौथ्या-पाचव्या फेरीनंतर जॅबची संख्या अचानक निम्म्यावर आली असेल, तर दुखणं तंत्राचं नाही. वजनाचं तरी आहे किंवा दमाचं. याउलट जॅब शेवटपर्यंत तेवढेच आहेत पण प्रत्येक वेळी त्यावरून समोरच्याचा उजवा बसतोय, तर जॅब परत येताना खांद्याच्या खाली पडतो आहे. पहिल्या प्रकारात आहारतज्ज्ञ आणि धावपट्टी लागते, दुसऱ्यात आरसा आणि पॅडवरचं (प्रशिक्षकाने हातात धरलेल्या गादीवरचं) काम. निदान चुकलं की मुलगा सहा महिने चुकीच्याच गोष्टीवर घाम गाळतो.

गुणांवर पुढे असताना नॉकआउट का होतो?

२० जुलै २०२४ ला टॅम्पामध्ये हेच झालं. वीस वर्षांचा अ‍ॅश्टन सिल्व्ह, ११ लढती, ११ विजय, लाइटवेटमधल्या सर्वांत चर्चेतल्या मुलांपैकी एक. लूकास बाहदीविरुद्ध तो पंचांच्या गुणपत्रिकांवर पुढे होता. सहाव्या फेरीत बाहदीने त्याला एका झटक्यात बेशुद्ध केलं.

अशा नॉकआउटमागे बहुधा तीन गोष्टी असतात. चपळ मुलगा पाच फेऱ्या ज्या अंतरावरून मारतो, तेच अंतर समोरच्यालाही पाठ होतं. ठोशांची प्रत्येक मालिका तिसऱ्या ठोशावर संपत असेल, तर समोरचा तीन मोजतो आणि चौथ्याच्या जागी स्वतःचा ठोसा ठेवतो. शिवाय आघाडीवर असल्याची जाणीव झाली की मुलगा ठोसे मारून तिथेच थांबतो, आपलं काम बघत. डोकं मध्यरेषेवर, हात छातीवर. दिसलेला ठोसा दुखतो, न दिसलेला पाडतो.

उपाय कंटाळवाणा आहे : मालिका संपली की दर वेळी डोकं हलवून, अर्धं पाऊल बाजूला टाकूनच थांबायचं. पॅडवाल्याने प्रत्येक मालिकेच्या शेवटी पॅड डोक्यावरून फिरवलाच पाहिजे. दहातल्या दोन वेळा तो फिरवला नाही, तर त्याच दोन वेळा मुलगा उभा राहायला शिकतो.

नॉकआउटनंतर परत कधी उतरता येतं?

वैद्यकीय निलंबन नियामक मंडळ ठरवतं. साधारणपणे ते ३० ते ९० दिवसांचं असतं आणि नॉकआउट जितका गंभीर तितकं लांब. त्या काळात स्पारिंगही (जोडीदाराबरोबरची सरावाची लढत) करायचं नसतं. निलंबनाचे दिवस म्हणजे किमान मर्यादा, ते संपले म्हणजे मेंदू बरा झाला असं नव्हे.

पायऱ्या अशा : पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, थोडं चालणं चालेल. मग हलकी सायकल किंवा चालणं. मग शॅडो बॉक्सिंग (एकट्याने हवेत ठोसे मारणं) आणि पायांचं काम, डोक्याला धक्का लागण्याची शक्यता नसलेलं. डोकेदुखी, मळमळ, प्रकाशाचा त्रास, झोपेची गडबड, विसरभोळेपणा हे सगळं पूर्ण थांबल्यावरच पुढची पायरी : बॅग आणि पॅड, जोर वाढवत. त्यानंतर डॉक्टरांची लेखी परवानगी, आणि मग स्पारिंग. प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्यायचे हा सर्वसाधारण खेळांचा नियम. बॉक्सरने पायरीला आठवडा दिला तरी तो जास्त नाही. पहिलं स्पारिंग १६ औंसांचे ग्लोव्ह्ज, हेडगार्ड, दोन-तीन फेऱ्या आणि विश्वासातला जोडीदार. हेडगार्ड कातडी वाचवतं, मेंदूचं हलणं थांबवत नाही, हे लक्षात ठेवून.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, आकडी, गुंगी वाढणं : यांतलं एकही दिसलं तर घरी न थांबता थेट रुग्णालय.

याच वजनगटाने खेळाला याची फार मोठी किंमत मोजून जाणीव करून दिली. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीविरुद्धच्या लाइटवेट किताबी लढतीत किम ड्युक-कू चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने किताबी लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या, बाकीच्या संघटनाही मागोमाग आल्या.

वजन उतरवण्यात नेमकं काय बिघडतं?

तरुण लाइटवेटच्या अपयशाचं हे सर्वांत दुर्लक्षित कारण, म्हणून जरा सविस्तर.

वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं, म्हणजे मधे साधारण २४ ते ३६ तास मिळतात. समजा मुलगा एरवी ६८ किलोचा आहे. त्याला पावणेसात किलो कमी करायचे आहेत. नीट आखलेल्या आठ-दहा आठवड्यांच्या शिबिरात त्यातले तीन-चार किलो हळूहळू चरबीतून जातात. शेवटच्या आठवड्यात कर्बोदकं कमी केली की स्नायूंतला ग्लायकोजेन घटतो आणि प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणीही जातं. शेवटचे दोन-तीन दिवस कमी चोथ्याचं अन्न घेतलं की आतडी हलकी होतात. उरतो एक-दीड किलो घाम.

बिघडतं ते असं : शिबिराच्या सुरुवातीला वजन मोजलंच जात नाही, आणि शेवटच्या तीन दिवसांत चार किलो पाणी काढायची वेळ येते. रक्त दाट होतं, हृदयाचे ठोके वाढतात, झोप उडते. काट्यावर वजन भरतं, पण दुसऱ्या दिवशी पाचव्या फेरीत पाय जमिनीला चिकटतात. मेंदूभोवतालचं द्रव इतक्या कमी वेळात पूर्ववत होतंच याची खात्री नसते, म्हणून अशा शरीरावर बसलेला ठोसा जास्त घातक मानला जातो.

डब्ल्यूबीसीची सुरक्षा वजनं याच कारणासाठी आहेत. लढतीच्या ३० दिवस आधी मर्यादेच्या १० टक्क्यांहून जास्त नको, म्हणजे लाइटवेटला १४८.५ पाउंड (६७.४ किलो). ७ दिवस आधी ५ टक्क्यांहून जास्त नको, म्हणजे १४१.७५ पाउंड (६४.३ किलो). किताबी लढत नसली तरी प्रत्येक तरुण बॉक्सरने हेच दोन आकडे भिंतीवर लावावेत. आयबीएफ आपल्या किताबी लढतींत लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन करते, आणि तेव्हा मर्यादेपेक्षा १० पाउंडांहून जास्त चालत नाही.

वजन झाल्यावर गेलेल्या पाण्याच्या सव्वा ते दीडपट द्रव भरून काढायचं. दोन किलो घाम गेला असेल तर अडीच ते तीन लिटर, त्यात मीठ हवंच, आणि घोटाघोटाने. नुसतं पाणी ढोसलं तर लघवीवाटे निघून जातं. पहिलं जेवण भात, बटाटा, केळं असं साधं. तेलकट जेवणावर ताव मारणं ही नेहमीची चूक, त्याने पोट बिघडतं. लघवी वाढवणारी औषधं उत्तेजक द्रव्यविरोधी नियमांत बंदी घातलेली आहेत, आणि १२ तासांत १०० मिलिलिटरहून जास्त सलाइन घेणंही, रुग्णालयातल्या उपचारांसारखे अपवाद सोडले तर.

मग १४० पाउंडांवर जावं का?

प्रश्न असा विचारावा : शेवटच्या तीन लढतींत, वजनाच्या तीन दिवस आधीपासून काट्यापर्यंत, घामातून किती गेलं? दर वेळी शरीराच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या वर असेल, तर शरीर उत्तर देऊन बसलं आहे.

कीशॉन डेव्हिसने फेब्रुवारी २०२५ मध्ये डेनिस बेरिन्चिकला चौथ्या फेरीत हरवून डब्ल्यूबीओचा लाइटवेट किताब घेतला. जूनमध्ये, आपल्याच गावी नॉरफोकला, त्याचं वजन १३९.३ पाउंड भरलं. ४.३ पाउंड जास्त. किताब काट्यावरच गेला, एकही ठोसा न खाता. एवढा फरक एका वाईट रात्रीचा नसतो.

तेओफिमो लोपेसने ऑक्टोबर २०२० मध्ये लाइटवेटचा विजेता, युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोला हरवलं, नोव्हेंबर २०२१ मध्ये जॉर्ज कंबोसोसकडून विभागून निर्णयाने (तीनपैकी दोन पंचांच्या मताने) हरला. त्यानंतर तो १४० वर गेला आणि जून २०२३ मध्ये जॉश टेलरला हरवून पुन्हा विजेता झाला. मात्र उंची आणि हाताची लांबी कमी असलेल्या मुलाने वर जाण्याची घाई करू नये. तिथे समोरचे लांब हातांचे असतात आणि १३५ वर पाडणारा ठोसा तिथे फक्त मागे सरकवतो.

पुनरागमनाची लढत कशी निवडावी?

नॉकआउट नसेल तर चार ते सहा महिन्यांत, असेल तर सहा ते नऊ महिन्यांत. पहिली लढत आठ फेऱ्यांची, टिकणाऱ्या पण फार जोरदार नसलेल्या माणसाशी. मुलाला फेऱ्या मिळाल्या पाहिजेत. दीड मिनिटात संपलेल्या विजयाने छायाचित्र चांगलं निघतं, पण ज्या दोषामुळे तो हरला तो सुधारला का, हे कुणालाच कळत नाही. दुसरी लढत ज्या शैलीने हरवलं त्याच शैलीच्या, पण एक पायरी खालच्या माणसाशी. ही लढत टाळणारे मॅनेजर फार, आणि ते मुलाचं नुकसान करतात. तिसरी दहा फेऱ्यांची, मानांकनातल्या किंवा नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाशी. सगळं वर्ष-सव्वा वर्षात.

लगेच परतीची लढत? निर्णय अगदी काठावरचा होता आणि कारण स्पष्ट सापडलं, तरच. नॉकआउटनंतर लगेच तर नकोच.

लोमाचेन्को दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत, मार्च २०१४ मध्ये, ओर्लांदो सालिदोकडून हरला. सालिदोने वजन भरलं नव्हतं आणि तो जवळून, कमरेखाली मारत लढला. लोमाचेन्को तीनच महिन्यांत गॅरी रसेल ज्युनियरला हरवून विजेता झाला. पण ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं आणि हौशी लढतींचा प्रचंड अनुभव पाठीशी असलेल्याचा हा वेग बारा लढतींच्या मुलाने उचलू नये.

प्रशिक्षक बदलावा का?

एका पराभवावरून नाही. चित्रण बघताना प्रशिक्षक दोष दाखवू शकत नसेल, किंवा कोपऱ्यातल्या मिनिटभरात एका सूचनेऐवजी सहा सूचना ओरडत असेल, तर हो.

निकालच चुकीचा वाटला तर?

फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, एकदा खाली पडला तर ८. एक गुण किती मोलाचा, हे १ मार्च २०२५ ला ब्रुकलिनमध्ये दिसलं. जर्व्होन्टा डेव्हिसने लॅमॉन्ट रोचविरुद्ध नवव्या फेरीत आपणहून गुडघा टेकला आणि कोपऱ्याकडे जाऊन चेहरा पुसून घेतला. रेफरीने ते पडणं म्हणून मोजलं नाही. गुण आले ११५-११३ डेव्हिसला आणि दोन पंचांचे ११४-११४, म्हणून लढत बरोबरीत. पडणं मोजलं असतं तर त्या दोन्ही गुणपत्रिकांवर रोच एका गुणाने पुढे जाऊन जिंकला असता. अशा वेळी संघाने नियामक मंडळाकडे लेखी तक्रार करावी, पण पंचांचं मत सहसा उलटवलं जात नाही. नियमाचा चुकीचा वापर किंवा बेरजेतली चूक असेल, तरच आशा.

मानांकन किती घसरतं?

ठरलेलं गणित नाही. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ आपापल्या याद्या लावतात. मानांकनातल्या माणसाशी काठावर हरलेला खेळाडू चार-पाच जागा खाली येऊन यादीत राहू शकतो. यादीबाहेरच्याशी हरला तर बहुधा बाहेर. आयबीएफ पहिली आणि दुसरी जागा मोकळीही ठेवते. तिथे पोहोचायला मानांकनातल्या दुसऱ्या खेळाडूला हरवावंच लागतं. वाट लांब आहे, पण पराभव पचवून आलेल्या मुलासाठी तीच सर्वांत स्पष्ट वाट आहे, असं आमचं मत.

१३५ पाउंडांच्या दावेदारांचं चित्र काय दिसतं?

२०२५ संपतानाची स्थिती धरून सांगतो. जुनी पिढी हलली. लोमाचेन्कोने जून २०२५ मध्ये निवृत्ती घेतली आणि आयबीएफचा किताब रेमंड मुराटालाकडे आला. ऑलिंपिक विजेता क्यूबाचा अँडी क्रूझ त्याचा अधिकृत आव्हानवीर झाला. डब्ल्यूबीसीकडे शकूर स्टीव्हन्सन, ज्याने जुलैमध्ये अखंड ठोसे मारणाऱ्या विल्यम झेपेडाला गुणांवर स्पष्ट हरवलं. कीशॉन डेव्हिसने गमावलेला डब्ल्यूबीओ किताब नोव्हेंबरमध्ये रियाधला सॅम नोक्सविरुद्ध जिंकला एकवीस वर्षांच्या अब्दुल्ला मेसनने. हाच मेसन वर्षभरापूर्वी योहान वास्केसविरुद्ध पहिल्या फेरीत खाली पडला होता, आणि उठून दुसऱ्या फेरीत जिंकला. जर्व्होन्टा डेव्हिस रोचशी बरोबरीनंतर २०२५ मध्ये पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही.

नवख्या दावेदाराने यात एक गोष्ट हेरावी : स्टीव्हन्सन, मेसन, जर्व्होन्टा डेव्हिस तिघेही डावखुरे, म्हणजे उजवा हात-पाय पुढे ठेवून लढणारे. लोमाचेन्कोही डावखुराच होता. तरी बहुतेक प्रॉस्पेक्टना पहिल्या पंधरा लढतींत डावखुरे एक-दोनच मिळतात, कारण प्रमोटरला ते अडचणीचे वाटतात. आता हे परवडणार नाही. उजव्या बॉक्सरने आपला पुढचा डावा पाय समोरच्याच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवायला शिकावं, स्वतःच्या डावीकडे फिरावं, म्हणजे त्याच्या डाव्या हातापासून लांब, आणि सरळ उजवा आधी छातीवर मारावा, कारण डोकं हलतं, छाती हलत नाही. शिबिराच्या शेवटच्या चार आठवड्यांत निम्मं तरी स्पारिंग डावखुऱ्यांबरोबर हवं.

बचावात पक्का पण जोर कमी असलेल्या मुलाला या गटात वाव आहे. जोरदार पण एकाच तालात लढणाऱ्याला स्टीव्हन्सनसारख्यासमोर नाही.

हरलेला मुलगा परत उतरेल तेव्हा प्रेक्षकाने काय पाहावं?

आधी वजनाच्या वेळचा चेहरा : गाल आत, ओठ फुटलेले, डोळे खोल असतील तर वजनाचा प्रश्न तसाच आहे. पहिल्या फेरीत त्याला पहिला जोरदार ठोसा बसल्यावरचे पाच सेकंद. तो जॅब मारून बाहेर पडतो की घाबरून डोळे मिटून झुंबड घालतो? मग सहावी फेरी. जॅबची संख्या पहिल्या फेरीइतकीच आहे का, ते मोजा. विजय कसाही आला तरी, रिंगमधल्या या दोन जागांवर सुधारणा नसेल तर पुढची मोठी लढत अजून दूर ठेवलेली बरी.